जकात आणि जकात नाका

२०२२ सालच्या शेवटची गोष्ट आहे. केंद्र सरकारने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना मिळणारी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीच्या मुलांसाठी बंद केली होती. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचं शिक्षण मोफतच आहे, मग वेगळी शिष्यवृत्ती कशाला, असं कारण दिलं गेलं. त्याच सुमारास आमचं शिक्षक प्रशिक्षण होतं. सोलापुरातल्या मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळांचे शिक्षक एकत्र आले होते. चहाच्या सुट्टीत विषय निघाला. माझ्या शेजारचे एक शिक्षक, माणूस चांगला, माझ्याशी नेहमी आपुलकीने बोलणारा, सहज म्हणाले, "सर, राग मानू नका, पण बरंच झालं. शेवटी टॅक्सपेयरचा पैसा आहे. आम्ही भरायचा आणि..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती.

मी गप्प बसलो. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्या योजनेत वर्षाला हजार रुपये मिळत. त्या हजार रुपयांत माझ्या वर्गातल्या मुलींचे बूट, दप्तर आणि वह्या येत. हे मला माहीत होतं. पण 'टॅक्सपेयर' या शब्दाला काय उत्तर द्यायचं, ते सुचलं नाही. माझ्याही पगारातून तेव्हा प्राप्तिकर कापला जात होता. म्हणजे मीही टॅक्सपेयर होतो. पण त्यांच्या बोलण्यातल्या 'आम्ही'त मी नव्हतो, आणि माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया तर नव्हत्याच.

त्यानंतर मी हा विषय जमेल तसा वाचत गेलो. मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. बी.एड. करून उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो. पण बजेट काही फक्त अर्थतज्ज्ञांसाठी नसतं. त्या दिवशी जे बोलता आलं नाही, ते आज लिहितो.

मोबाइलवर फिरणाऱ्या एका दाव्यापासून सुरुवात करू. 'भारतात जगातला सर्वात जास्त कर आहे' असा संदेश दर फेब्रुवारीत, बजेटच्या आगेमागे, कुणी ना कुणी पाठवतोच. हे खरं आहे का?

देशादेशांतल्या करांची तुलना करण्याची एक सर्वमान्य पद्धत आहे. देशात वर्षभरात शंभर रुपयांचं उत्पन्न तयार झालं, तर त्यातले किती रुपये सगळी सरकारं मिळून करापोटी घेतात, ते पाहायचं. केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था, सगळं धरून. या मोजपट्टीने भारत शंभरातले साधारण १७ ते १८ रुपये घेतो. श्रीमंत देशांची ओईसीडी नावाची जी संघटना आहे, तिच्या ३८ सदस्य देशांची सरासरी ३४ च्या आसपास आहे. डेन्मार्क, फ्रान्स आणि स्वीडन ४० च्या वर आहेत. अमेरिका २५ ते २७ च्या घरात. ब्राझील ३० च्या वर. मेक्सिको आपल्याजवळ, १७ च्या आसपास. पाकिस्तान आणि बांगलादेश मात्र दहाच्या आसपास किंवा त्याहून खाली.

तेव्हा जगातला सर्वात जास्त कर आपण भरतो, हे म्हणणं साफ चूक आहे. देश म्हणून आपला करभार श्रीमंत जगाच्या निम्मा आहे.

इथे थांबलो असतो तर मीही त्या संदेशासारखंच अर्धवट बोललो असतो. कारण या आकड्यात काही खाचाखोचा आहेत. युरोपात पगारातून सामाजिक विम्याची मोठी रक्कम सक्तीने कापली जाते आणि ती करात मोजली जाते. आपल्याकडचा भविष्य निर्वाह निधी आपल्याच नावाने जमा होतो, म्हणून तो करात धरला जात नाही. अमेरिकेत कर कमी दिसतो, पण तिथलं कुटुंब आरोग्य विम्याच्या हप्त्यासाठी केवढी रक्कम मोजतं! तो हप्ता खाजगी कंपनीला जातो, म्हणून करात येत नाही. खिशातून मात्र जातोच.

आखाताचं उदाहरण तर आपल्या घराघरात आहे. माझा एक मावसभाऊ बरीच वर्षं सौदीत आहे. सुट्टीवर आला की म्हणायचा, "भाईजान, तिकडे टॅक्सची कटकटच नाही." पगारावर कर नाही, हे आजही खरं आहे. पण सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती या दोन्ही देशांनी १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर सुरू केला, आणि सौदीने जुलै २०२० मध्ये तो थेट १५ टक्के केला. अमिरातीने २०२३ पासून कंपन्यांच्या नफ्यावर ९ टक्के कर लावला. जमिनीखालच्या तेलावर सरकार चालतं तोवर लोकांकडे मागावं लागत नाही. तेलाचे भाव पडले की तिथेही पावतीवर कर येतो. आता मावसभाऊ कटकट नसल्याचं बोलत नाही.

दुसरी खाच याहून मोठी आहे. शंभरातले १८ आणि शंभरातले ४३ ही तुलना करताना तो 'शंभर' केवढा आहे हे विसरून चालत नाही. डेन्मार्कचं माणशी उत्पन्न आपल्या पंचवीसपट आहे. आपल्याकडे सगळी सरकारं मिळून माणशी वर्षाला साधारण चाळीस हजार रुपये कर गोळा करतात. डेन्मार्कमध्ये हाच आकडा रुपयांत वीस लाखांच्या पुढे जातो. त्या चाळीस हजारांत आपल्याला सैन्य, पोलीस, रस्ते, शाळा, दवाखाने, जुन्या कर्जाचं व्याज, सगळं भागवायचं आहे. म्हणून 'टॅक्स घेतात तर डेन्मार्कसारख्या सोयी का देत नाहीत' हा प्रश्न ऐकायला बरा वाटला, तरी तो पुरता न्यायाचा नाही.

दादाभाई नौरोजींनी हेच दुसऱ्या बाजूने मांडलं होतं. इंग्रज अधिकारी म्हणत, हिंदुस्थानी माणूस डोईमागे किती थोडा कर भरतो पाहा. दादाभाईंचं उत्तर होतं, कर डोईमागे मोजू नका, त्याच्या उत्पन्नाशी ताडून पाहा. गरिबाचा एक रुपया आणि श्रीमंताचा एक रुपया वजनाला सारखा नसतो. त्यांचं 'पॉव्हर्टी अँड अनब्रिटिश रूल इन इंडिया' हे पुस्तक १९०१ साली आलं. आज सव्वाशे वर्षांनंतरही वादाचं मूळ तिथेच आहे. फक्त आता ही तुलना दोन देशांत करून भागत नाही. देशाच्या आतही करावी लागते.

इथे मला आपल्या भाषेतला एक शब्द आठवतो. जकात.

उर्दूच्या तासाला मी हा शब्द शिकवतो तेव्हा तो इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक असतो. मराठीच्या तासाला तोच शब्द येतो तेव्हा मुलांच्या डोळ्यांसमोर शहराच्या वेशीवरचा जकात नाका येतो. अरबीतून फारसीत, तिथून दख्खनच्या राज्यकारभारात आणि मग मराठीत असा हा प्रवास झाला. 'महसूल', 'वसूल', 'खजिना' हे शब्दही त्याच वाटेने आले. पण जकातीच्या बाबतीत प्रवासात शब्द राहिला आणि अर्थ बरोबर उलटा झाला.

धर्मातली जकात कुणावर आहे? ज्याच्याकडे ठरावीक मर्यादेहून जास्त संपत्ती आहे त्याच्यावर. ही मर्यादा, म्हणजे निसाब, साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी एवढ्या संपत्तीची. तीही वर्षभर जवळ राहिली असेल तर अडीच टक्के. ज्याच्याकडे एवढं नाही, त्याने द्यायची नाही. तो घेणाऱ्यांत बसतो. आणि ती कुठे खर्च करायची, याचेही आठ मार्ग कुरआनने ठरवून दिले आहेत. गरीब, गरजू, कर्जात बुडालेला, वाटसरू वगैरे. म्हणजे कुणाकडून आणि कुणासाठी, ही दोन्ही उत्तरं आधीच स्पष्ट आहेत.

वेशीवरची जकात कशी होती? मालावर. तेलाचा डबा शहरात आला की जकात. ती व्यापारी भरायचा आणि भावात मिळवायचा. शेवटी भरणारा कोण? तेल खाणारा. गिरणीचा मालक आणि गिरणीतला हमाल, दोघांच्या डब्यावर तेवढीच जकात. मुंबईत ती थेट जून २०१७ अखेरपर्यंत होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि नाका उठला. पण नाक्याची रीत उठली नाही. ती पावतीवर आली.

प्रत्येक देशात या दोन्ही तऱ्हेचे कर असतात. एक, ज्याच्याकडे आहे त्याच्या उत्पन्नावर, नफ्यावर, मालमत्तेवर. दुसरा, जो विकत घेतो त्या प्रत्येकावर. ओईसीडी देशांत वस्तू आणि सेवांवरच्या करांचा वाटा एकूण करांच्या साधारण एक तृतीयांश आहे. आपल्याकडे केंद्र आणि राज्यं मिळून पाहिलं तर तो निम्म्याहून जास्त आहे. पेट्रोल-डिझेल तर जीएसटीच्या बाहेरच. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट वेगवेगळा. रिक्षावाल्याच्या टाकीत आणि मोठ्या गाडीच्या टाकीत दर लिटरला कर तोच.

कुणी म्हणेल, डेन्मार्कमध्ये मूल्यवर्धित कर २५ टक्के आहे आणि तो खाण्याच्या वस्तूंवरही आहे. खरं आहे. तिथेही नाका आहे, आपल्याहून कडक. पण तिथे वरच्या उत्पन्नावर निम्म्याहून जास्त प्राप्तिकरही आहे. आणि नाक्यावर घेतलेलं परत येतं. दवाखाना मोफत, विद्यापीठ मोफत, वर शिकणाऱ्या मुलाला दरमहा सरकारी भत्ता. जास्त कर भरूनही तिथला माणूस आपल्याइतका चिडत नाही, कारण पैसा कुठे गेला ते त्याला घरातच दिसतं.

२०२५ च्या जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मी नववीच्या मराठीच्या तासाला एक उपक्रम घेतला. व्यवहारातलं मराठी वाचायचं म्हणून घरातली एखादी छापील पावती आणायला सांगितलं. बऱ्याच मुलींकडे पावतीच नव्हती, कारण त्यांच्या घरचं सामान कोपऱ्यावरच्या दुकानातून येतं आणि तिथे पावती देत नाहीत. पाच-सहा जणींनी आणल्या. आम्ही फळ्यावर लिहीत गेलो. साबण, १८ टक्के. टूथपेस्ट, १८ टक्के. बिस्किटं, १८ टक्के. वह्या, १२ टक्के. मोबाइलचं रिचार्ज, १८ टक्के. सुटं धान्य आणि भाजी, शून्य.

एका मुलीची आई विड्या वळते. ती मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे अम्मी पण टॅक्स भरते?"

मी हो म्हटलं. तिने वहीत लिहून घेतलं. तिच्यासाठी ती अभ्यासातली एक माहिती होती. मला मात्र चहाच्या सुट्टीतलं ते अर्धं वाक्य आठवलं.

त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. साबण, टूथपेस्ट, बिस्किटं ५ टक्क्यांवर आली. वह्या, पेन्सिली, खोडरबर शून्यावर आले. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के करही गेला. चांगलं झालं, तसं म्हणायलाच हवं. पण आठ वर्षं गरिबाच्या वहीवर कर होता आणि त्याच आठ वर्षांत त्याच गरिबाला 'तू टॅक्स भरत नाहीस' असं ऐकवलं जात होतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

आणि एक गंमत सांगतो. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही. पगारदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. माझा प्राप्तिकर यंदा शून्य झाला. त्या सरांची नोकरी माझ्याएवढीच, त्यांचाही झाला असणार. म्हणजे त्यांच्याच व्याख्येने आता आम्ही दोघेही टॅक्सपेयर नाही. संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२२-२३ मध्ये विवरणपत्र भरणारे सात कोटींहून अधिक होते आणि त्यातल्या पाच कोटींहून अधिक लोकांचा कर शून्य होता. फक्त प्राप्तिकर भरणाऱ्याला नागरिक मानायचं ठरवलं, तर एकशे चाळीस कोटींच्या देशात नागरिक फार थोडे उरतील.

पगारदाराची चीड मात्र मी खोटी मानत नाही. नोकरदाराचा कर हातात पगार पडण्याआधीच कापला जातो. त्याला लपवायला जागा नाही. अलीकडच्या वर्षांत तर व्यक्तींच्या प्राप्तिकराची वसुली कंपन्यांच्या करापेक्षा जास्त झाली आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा मूळ दर ३० वरून २२ टक्के झाला, नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्के. आणि एवढा कर भरून नोकरदार मुलाला खाजगी शाळेत घालतो, आजारी आईला खाजगी दवाखान्यात नेतो. २०२१-२२ च्या सरकारी हिशेबाप्रमाणे देशातल्या एकूण आरोग्य खर्चातला ३९ टक्क्यांहून अधिक भाग लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला. २०१३-१४ मध्ये हा वाटा ६४ टक्के होता, म्हणजे कमी होतो आहे. पण अजूनही मोठा आहे. माझ्या मते हा न लिहिलेला कर आहे. कर कमी घ्यायचा आणि बिल लोकांच्या हातात द्यायचं, याला करभार कमी म्हणत नाहीत.

पण या चिडीचं तोंड कुणाकडे असावं? खाली, हजार रुपयांची शिष्यवृत्ती घेणाऱ्या पोरीकडे, की वर? आपल्याकडे वारसा कर, म्हणजे इस्टेट ड्यूटी, १९५३ मध्ये आली आणि १९८५ मध्ये रद्द झाली. संपत्ती कर २०१५ च्या बजेटमध्ये रद्द झाला. सरकारचं म्हणणं असं की त्यातून वर्षाला हजार कोटींच्या आसपासच मिळतं आणि वसुलीची कटकट मोठी. त्याऐवजी मोठ्या उत्पन्नावरचा अधिभार वाढवला. या युक्तिवादात तथ्य आहे. युरोपातल्याही बऱ्याच देशांनी संपत्ती कर सोडला. पण ब्रिटनमध्ये वारशावर आजही ४० टक्के दर आहे. जपानमध्ये वरचा दर ५५ टक्के. आपल्याकडे शेकडो कोटींची मालमत्ता बापाकडून मुलाकडे गेली तरी वारशावर एक रुपया कर नाही. धर्मातल्या जकातीच्या जवळ जाणारा कर आपण सोडला, आणि नाक्यावरचा ठेवला.

एकेकाळी आपण दुसऱ्या टोकालाही गेलो होतो. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वात वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. त्यातून गरिबी हटली नाही, काळा पैसा वाढला. इब्न खल्दूनने चौदाव्या शतकातच मुकद्दिमामध्ये लिहून ठेवलंय की राज्याच्या सुरुवातीला दर कमी आणि वसुली भरपूर असते, अखेरीस दर चढतात आणि वसुली घटते. तेव्हा श्रीमंतांना पिळा, एवढं म्हणून प्रश्न सुटत नाही. दर परवडणारा हवा, पण तो ज्याच्याकडे आहे त्याच्यापर्यंत पोहोचायला हवा.

आता थोडं आपल्या घरात पाहू. रमजानमध्ये आपण जकातीचा हिशेब पैशापैशाने करतो. मौलानांना विचारून करतो. चांगलंच आहे. पण तेच आपण प्लॉट घेताना अर्धी रक्कम रोखीने देतो आणि कागदावर अर्धीच किंमत लिहितो. दुकानदाराला म्हणतो, "बिल नको, भाव लावा." हे सगळ्याच समाजांत चालतं, मान्य. पण जकात देतो म्हणजे सरकारचा कर चुकवायला मोकळीक मिळाली, असं समजणाऱ्यांना मी विचारतो, ज्या रस्त्याने तुम्ही मशिदीत जाता, तो कुणाच्या पैशाचा? कर चुकवणारा सरकारला फसवत नाही. तो बिल देऊन साबण घेणाऱ्या बाईवर आपला वाटा टाकतो.

कर कुणाकडून आणि कुणासाठी, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी हेच मांडलं. सरकारी तिजोरी शेतकऱ्याच्या घामाने भरते आणि शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, शेतकऱ्याच्या पोरांना प्राथमिक शाळाही मिळत नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर फुल्यांनी शेतकऱ्याला 'टॅक्सपेयर' म्हटलं. आणि पुण्यातल्या एका शिक्षकाने, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी, १९०२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात बजेटवर बोलताना विचारलं की लोक हलाखीत असताना सरकारकडे शिल्लक कशी उरते? मिठावरचा कर कमी करा, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला.

शेवटी माझ्या पगाराच्या स्लिपवरची एक ओळ सांगतो. प्राप्तिकर शून्य झाला, पण एक कापणी राहिली आहे. व्यवसाय कर. दरमहा दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाला ही ओळ पाठ आहे आणि तिचा इतिहास फार थोड्यांना.

१९७२ च्या दुष्काळात माझे अब्बा सतरा वर्षांचे होते. ते रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. सुकडी खाऊन आणि अमेरिकेतून आलेला लाल मिलो खाऊन ते वर्ष काढल्याचं ते सांगत. त्या काळात वि. स. पाग्यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. मागेल त्याला काम द्यायचं, तर पैसा लागणार. म्हणून १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदाराने आणि व्यावसायिकाने थोडं द्यायचं, त्यातून खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम मिळायचं. कुणाकडून, कुणासाठी, दोन्ही गोष्टी कायदा करतानाच ठरल्या होत्या. पुढे देशभर रोजगार हमीचा कायदा झाला, त्याचं मूळ इथे आहे.

असाच एक छोटा उपकर विडीवर होता, १९७६ च्या कायद्याने. त्या निधीतून विडी कामगारांचे दवाखाने चालत, त्यांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळे. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या आईने वळलेल्या विडीवर उपकर, आणि त्यातून तिच्याच मुलीची वही. २०१७ मध्ये जीएसटीच्या वेळी हा उपकर रद्द झाला. योजना पुढे सरकारी तिजोरीतून चालू राहिल्या, पण विडीपासून वहीपर्यंतचा तो सरळ धागा तुटला. धागा दिसतो तेव्हा कुणी कुणाला फुकटा म्हणत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. आपला देश शंभरातले १८ घेतो की २५, यावर वाद जरूर घाला. शिक्षणावर सहा टक्के खर्च करा, हे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं, २०२० च्या धोरणाने पुन्हा सांगितलं, आणि तो टप्पा अजून गाठलेला नाही. त्यासाठी कदाचित १८ पुरणारही नाहीत. जास्त लागले तर द्यायची माझी तयारी आहे. पण वाढ नाक्यावर नको, निसाबाच्या वर हवी. आणि पैसा कुठे गेला ते माझ्या वर्गातल्या मुलीला तिच्या शाळेत, तिच्या दवाखान्यात दिसायला हवं.

त्या सरांची पुन्हा कधी एखाद्या प्रशिक्षणात गाठ पडेल. या वेळी मी गप्प बसणार नाही, भांडणारही नाही. चहाचा कप त्यांच्या हातात देईन आणि म्हणेन, "सर, राग मानू नका. ती शिष्यवृत्ती तिच्या अम्मीच्या पैशाची पण होती."